हातोडा, आठवण म्हणून

माझा दादा राजा होता. वर्षातून एक संध्याकाळ, खोक्यांच्या शेडमध्ये, फळ्या ठोकून केलेल्या रंगमंचावर. बाकीचं वर्षभर तो बाटल्यांच्या कारखान्यात फिटर होता, आणि त्याच्या नखांतलं काळं ग्रीस त्या संध्याकाळीसुद्धा निघायचं नाही. तरी सगळे त्याला महाराजच म्हणायचे. गेटवर कुणी विचारलं, "महाराज, आज उशीर?" की दादा नुसती मान हलवून आत जायचा. जणू हजेरी त्याने लावायची नाही, इतरांची घ्यायची आहे.

घरीही तेच. जेवताना हात न हलवता तो म्हणायचा, "मीठ." वहिनी म्हणायची, "मुकुट उतरवलाय ना? मग उठा आणि घ्या." तो उठायचा, मीठ घ्यायचा आणि चिमूटभर तिच्याही ताटात वाढायचा. त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. शेजारच्या म्हातारीचा नळ गळला तर हा जेवण सोडून पान्हा घेऊन जायचा. रस्त्यात कुणी रडताना दिसलं की ह्याचे डोळे आधी भरायचे. एवढा हळवा माणूस लोखंडात कसा काय टिकला, देव जाणे.

मी त्याची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्याच्याच घरात राहिले आणि त्याच्याच कारखान्यात कामाला लागले. भट्टीतून निघालेल्या बाटल्या पट्ट्यावरून पांढऱ्या दिव्यापुढून सरकतात. त्यांत बुडबुडा दिसला, तडा दिसला, की उचलून बाजूला टाकायची, हे माझं काम. आमच्या खात्याला सगळे 'उजेड' म्हणायचे. दिवसभर दोष काढून काढून तुझी जीभ तशीच झाली, असं दादा म्हणायचा. असेल. ही गोष्ट सांगायला तशीच जीभ हवी.

नाटकात माझं काम आडून वाक्यं सांगायचं. पुस्तक हातात धरून मी विंगेत उभी राहायचे. नाटक फार जुनं. आमच्या आजोबांनी पाहिलेलं, त्यांच्याही आजोबांनी पाहिलं असेल. कारखान्याच्या वर्धापनदिनाला तेच व्हायचं, दुसरं करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. राजाने धान्यावर कर बसवलेला असतो. शहरात एक लोहार असतो. त्याने ऐरणीवर तीन घाव घातले की गल्लीबोळांतून माणसं गोळा होतात. ती माणसं राजवाड्याच्या दाराशी जातात, लोहार पकडला जातो, त्याला फाशी ठरते. शेवटच्या अंकात फासाचा दोर वर लोंबतोय, खाली लोहार उभा आहे, आणि राजा पायऱ्या उतरून स्वतः येतो. स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटाची दोरी सोडतो. आपल्या खांद्यावरचा झगा काढून त्याच्या खांद्यावर घालतो. "आजपासून तू माझा भाऊ," म्हणतो. मग अगदी हळू आवाजात, "तुझा हातोडा मला दे. आठवण म्हणून." लोहार रडत रडत हातोडा देतो. "घ्या महाराज, तुमचाच आहे." लोक जयजयकार करतात आणि पडदा पडतो.

इथे अख्खी शेड रडायची. भट्टीवरचे दांडगे गडी बाह्यांनी नाक पुसायचे. दादा ते काम करायचाच तसा. डोळ्यांत पाणी आणायला त्याला काही लावावं लागायचं नाही. हातोडा मागताना तो वर छताकडे बघायचा, आवाज कापायचा, आणि खरोखर वाटायचं की जगात कुठेतरी असा एक राजा होऊन गेला असावा. तालमीत एकदा मी म्हटलं होतं, "एवढं रडतोस कशाला? तू फाशी माफ करतोयस, तुला थोडीच होतेय?" तर मला म्हणाला, "तुला कळायचं नाही. क्षमा करणाऱ्याला फार जड जातं." हे वाक्य नाटकात नव्हतं. त्याचं स्वतःचं होतं. राजाचं मन त्याने स्वतःचंच घातलं होतं, अंगरख्याला आतून अस्तर लावावं तसं.

पहिल्या रांगेत मालक बसायचे. पूर्वी थोरले मालक, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पाय न पोचणारे धाकटे. पुढे थोरले गेले आणि धाकटे त्यांच्या जागी बसायला लागले. म्हणजे धाकट्या मालकांनी हे नाटक लहानपणापासून, दरवर्षी, अगदी जवळून पाहिलेलं. हे लक्षात असू द्या.

लोहाराचं काम करायचा तो दादाचा जिवाभावाचा मित्र. त्यालाही सगळे लोहारच म्हणायचे. भट्टीवर होता. धिप्पाड, बडबड्या, हातात कायम काहीतरी फिरवत असणारा. नाटकातला हातोडा खराखुरा असायचा, दादाच्याच पेटीतला, कारण लाकडी हातोड्याचा आवाज दोघांनाही चालायचा नाही. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी तोच हातोडा परत बोल्टावर पडायचा. तालमीच्या वेळी हे दोघं दोन लहान पोरांसारखे भांडायचे. "तू दोरी नीट सोडत नाहीस, मनगट खरचटतं." "मग तू राजाला खुन्नस देऊन बघतोस कशाला?" असलं.

भट्टीच्या तोंडाला लोखंडाचं जाड दार होतं. वरच्या बिजागरीवर ते लटकायचं, उचलून आत माल टाकायचा. त्या बिजागरीला तडा गेला. दादाने धाकट्या मालकांना सांगितलं, भट्टी थांबवावी लागेल, बिजागरी बदलायला हवी. मालक म्हणाले, ही ऑर्डर होऊ द्या. ती झाली. दादाने पुन्हा सांगितलं. मालक म्हणाले, आता पुढची घेतलीय ना. मग लोहाराने सांगितलं, भट्टीवरच्या सगळ्यांनी सांगितलं. आमच्या उजेडातही सगळ्या बायकांना माहीत होतं, कारण जेवणाच्या सुट्टीत लोहार सांगायचा, "दार कसलं, जावई आहे तो. हळूच हात लावायचा, नाहीतर रुसेल." आम्ही हसायचो. हसण्यासारखं काही नव्हतं, पण भट्टी थांबवणं आमच्या कुणाच्याच हातात नव्हतं.

एका सकाळी ते दार सुटलं. पलीकडे फावडं घेऊन एक जण वाकलेला होता. लोहाराने दोन्ही हात वर करून दार झेललं. तो वाकलेला माणूस वाचला. लोहाराचे हात वाचले नाहीत.

दादाने तुटलेली बिजागरी स्वतः सोडवली. तुटलेल्या तोंडावर पाहिलं तर जवळजवळ सगळा भाग काळा पडलेला आणि कडेला नखाएवढी नवी चमक. म्हणजे तडा कधीचा होता, सकाळी तुटला तो राहिलेला शेवटचा जरासा भाग. हे समजायला फिटर असायची गरज नव्हती, डोळे पुरत होते. दादाने तो तुकडा फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि कपाटात कपड्यांच्या मागे ठेवला. म्हणाला, "चौकशीला सरकारी माणूस येईल. त्याच्या हातात देईन." आम्ही सगळ्यांनी काम बंद केलं. भट्टीचं दार बदला आणि लोहाराच्या हातांची भरपाई द्या, एवढंच मागणं होतं.

आठवडाभर गेटबाहेर बसलो. मग मालक इस्पितळात गेले. आम्हीही तिथल्या फाटकाशी गोळा झालो होतो. मालक बाहेर आले ते डोळे लाल करून. पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्यावर माझा राग नाही. सगळ्यांनी परत या. कुणालाही काढणार नाही. तो माझा भाऊ आहे, त्याच्या औषधपाण्याचं मी बघतो." आणि पायऱ्या उतरून भट्टीवरच्या म्हाताऱ्या मुकादमाला मिठी मारली. काय सांगू, लोकांनी जयजयकार केला! आमच्यावर राग नाही म्हणे. चोरी ह्यांची आणि माफी आम्हाला! पण त्या वेळी ते कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टा सुरू झाला.

पुढच्या रविवारी मालक आमच्या घरी आले. गाडी गल्लीत शिरेना, तर चालत आले. दादा अंघोळ करून नुसता बनियनवर बसला होता, त्याची जी धावपळ उडाली! मालक खुर्ची नको म्हणाले, दादाच्या शेजारी खाटेवर बसले. वहिनीकडून पाणी मागून घेतलं, सगळं प्यायले. भिंतीवर दादाचा मुकुट घातलेला फोटो होता, तो उठून जवळून पाहिला.

"महाराज," मालक म्हणाले, "तुम्हाला बघत मी मोठा झालो. मोठेपणा म्हणजे काय ते मी त्या शेडमध्ये शिकलो."

दादाने घाईघाईने खुंटीवरचा सदरा अंगात घातला.

"झालं ते फार वाईट झालं. मला झोप नाही." मग जरा थांबून, अगदी हळू, "तुमच्याकडे तो बिजागरीचा तुकडा आहे म्हणे. तो मला द्या. टेबलावर ठेवीन. रोज डोळ्यांसमोर राहिला पाहिजे माझ्या. आठवण म्हणून."

मी दारात उभी होते. मी म्हटलं, "साहेब, चौकशीवाले येऊन जाऊ देत की. मग न्या खुशाल."

मालकांनी माझ्याकडे बघून हसून मान डोलावली, माझं अगदी बरोबर असल्यासारखी. दादाने मात्र डोळे वटारले. "गप्प बस. माणूस काय बोलतोय, तू काय बोलतेस!" तो उठला, कपाट उघडलं, कपड्यांमागून फडकं काढलं आणि दोन्ही हातांनी मालकांच्या हातात दिलं. त्याचे डोळे भरून आले होते. मालकांचेही.

मालक गेल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. दादा शांतपणे म्हणाला, "तू पाहिलंस ना त्याला? असं मागणारा माणूस खोटं नाही बोलत. मला विचार. मी इतकी वर्षं मागतोय." दुसऱ्या कुणाही फिटरने तो तुकडा दिला नसता. कुणीही विचारलं असतं, कशाला हवाय? पण माझ्या दादाला ते वाक्य ओळखीचं होतं, आणि त्या वाक्यामागे काय असतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, अशी त्याची खात्री होती.

चौकशी अधिकारी आला. मालकांच्या खोलीत, मालकांच्या खुर्चीसमोर बसला. दादाने सांगितलं, तडा जुना होता, तुकडा साहेबांकडे आहे. मालकांनी भुवया उंचावल्या. "कुठला तुकडा? मी ह्यांच्या घरी गेलो होतो हे खरं. ह्यांची मनःस्थिती बरी नव्हती म्हणून विचारपूस करायला." टेबल स्वच्छ होतं. टेबलावर फक्त फुलदाणी होती. अधिकाऱ्याने भट्टीवरच्यांना विचारलं, उजेडातल्या दोघींना विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणी म्हणालं, आठवत नाही. कुणी म्हणालं, आमचं कामच तिकडे नसतं. नंतर मी एकेकाला धरून विचारलं तर उत्तर एकच. "साहेबांनी एवढं सांभाळून घेतलं, आता त्यांच्याविरुद्ध कसं बोलायचं?" निकाल आला तो असा, की लोहाराने दारावर सळई मारली, निष्काळजीपणा त्याचाच. भरपाईचा प्रश्न नाही.

आणि मग मालकांनी मोठ्या मनाने त्याला ठेवून घेतलं! गेटपाशी एक स्टूल दिलं. दोन्ही हातांना मनगटापर्यंत बँडेज, बोटं उरलेली नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि काम काय, तर फाटक उघडायचं. ते दुसराच कुणी उघडायचा. लोहार नुसता बसायचा आणि मालकांची गाडी आली की उभा राहायचा. आपल्याच हातांचा गुन्हेगार ठरलेला माणूस, आणि वर रोज सकाळी उपकार फेडायला उभा. माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं. अजून आठवलं तरी अंगाची लाही लाही होते.

लोहाराची बायको आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. दादाला म्हणाली, "भावजी, मागितला आणि दिलात? कोथिंबिरीची काडी होती का ती?" ती पुढे म्हणाली, "ह्यांना घास मी भरवते, त्याचं काही नाही. पण स्वतःच्या चुकीने हात गेले असं त्यांना रोज ऐकावं लागतं. ते मी कसं पुसू?" आणि गेली.

दादा दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेला. खोलीत घेतलंच नाही. बाहेर जिन्यात भेट झाली, तेव्हा मालक चालता चालता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काय महाराज, नाटकाची तयारी कशी काय?" एवढंच. दादा घरी आला, जेवला नाही. भिंतीवरचा फोटो उतरवून पालथा ठेवला.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मला म्हणाला, "तुझ्याकडे पुस्तक आहे ना? बघ बरं, कर कुठे माफ होतो?"

"कुठला कर?"

"धान्यावरचा. ज्याच्यासाठी लोहाराने हातोडा उचलला तो. राजा कर माफ करतो, ते वाक्य काढ."

मी पुस्तक उघडलं. शेवटचा अंक वाचला. मग पानं उलटत मागे गेले, पुन्हा पुढे आले. फाशी माफ होते. झगा मिळतो. भाऊ म्हणतो. कराचं नावच नाही. इतकी वर्षं आम्ही ते नाटक करत होतो, इतकी वर्षं शेड रडत होती, आणि धान्यावरचा कर जिथल्या तिथे होता!

"नाहीये," मी म्हटलं.

"नसणारच," दादा म्हणाला. "लोहाराला फासावर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी घाव घातले असते. म्हणून मारायचा नाही. झगा घालायचा आणि हातोडा काढून घ्यायचा. मग तीन घाव घालणार कोण? आणि घातले तरी येणार कोण, राजाच्या भावाच्या हाकेला?" तो हसला, पण ते हसू बघवेना. "मला वाटायचं राजाला रडू येतं. अगं, त्याचा हिशेब जुळलेला असतो. आणि मी मूर्ख, त्याला माझं काळीज दिलं. मालक कुठे शिकला हे? माझ्याकडेच शिकला. पहिल्या रांगेत बसून शिकला."

मी म्हटलं, "मग यंदा नाटक नको करूस."

त्याचं उत्तर लोहाराकडून आलं. तो स्वतःच घरी आला. लाथेनेच दार ढकललं, कारण दुसरं काही चालत नव्हतं.

"तालीम कधी?" लोहाराने विचारलं.

"तुझे हात..." दादा म्हणाला.

"बांध मला हातोडा. पट्टी आहे, दोरी आहे."

"तुझ्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही रे."

"तुझं तोंड कुणाला हवंय?" लोहार म्हणाला. "राजाचं आण. खरं आण या खेपेला."

तालमी आमच्याच खोलीत झाल्या. दादाने एकच सांगितलं की एक शब्दही बदलायचा नाही. जे लिहिलंय तेवढंच.

वर्धापनदिनाला शेड नेहमीसारखी गच्च. बायका डाव्या बाजूला, भट्टीवाले मागे, पहिल्या रांगेत मालक पाहुण्यांना घेऊन. पहिले अंक नेहमीसारखे गेले. लोहार आला तेव्हा मात्र कुजबुज थांबली. उजव्या हाताच्या बँडेजवर हातोडा दोरीने आवळून बांधलेला. ऐरणीवर तीन घाव त्याने खांद्यातून घातले, दर घावाला त्याचा चेहरा कळवळत होता, आणि आवाज तोच, खणखणीत.

शेवटचा अंक. दादा पायऱ्या उतरला. एरवी तो लोहाराकडे बघत धावत यायचा. आज तो सावकाश आला आणि आधी गर्दीकडे बघितलं, कोण किती चिडलंय ते तोलत. मग लोहारापाशी थांबून, मनगटं बांधता येत नव्हती म्हणून त्याच्या कमरेला बांधलेली दोरी सोडली, झगा घातला, झग्याची घडी नीट केली, दुकानदार गिऱ्हाइकाला कोट चढवून बघतो तशी. "आजपासून तू माझा भाऊ." हे म्हणताना तोंड लोकांकडे. आणि डोळ्यांत पाणी केव्हा आलं, तर तोंड लोकांकडे वळलं तेव्हा. लोहाराकडे वळला की डोळे कोरडे. पुन्हा लोकांकडे, पुन्हा पाणी. हे त्याने कसं केलं मला ठाऊक नाही.

"तुझा हातोडा मला दे," दादा हळू आवाजात म्हणाला. छताकडे नाही बघितलं. हातोड्याकडे बघितलं. "आठवण म्हणून."

हातोडा बांधलेला होता, तो देता येणार नव्हता. राजालाच सोडवून घ्यावा लागणार होता. दादाने लोहाराचा जळका हात एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने गाठ सोडवायला लागला. गाठ घट्ट होती. वेळ लागत होता. शेडमध्ये एवढी शांतता की दोरीचा आवाज येत होता. दादाच्या तोंडावर मायेचं हसू होतं आणि बोटं घाईत होती. मी फटीतून पहिल्या रांगेकडे पाहिलं. मालकही हसत होते, सवयीने. मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळे दादाच्या बोटांवर खिळले.

तेवढ्यात डाव्या बाजूने, आमच्या उजेडातल्या बायकांतून, एक जण ओरडली, "देऊ नकोस!"

ती तीच होती जी चौकशीत म्हणाली होती, आमचं काम तिकडे नसतं.

मागून भट्टीवाल्यांतून कुणीतरी म्हणालं, "देऊ नको रे!" मग इकडून, मग तिकडून. म्हातारा मुकादम उभा राहिला, ज्याला मालकांनी मिठी मारली होती तोच. नुसता हात हलवत राहिला, नको, नको. अख्खी शेड उभी राहिली.

लोहाराचं वाक्य होतं, "घ्या महाराज, तुमचाच आहे." तो गप्प होता. तो विसरला तर सांगायचं काम माझं. वाक्य माझ्यासमोर छापलेलं होतं. मी पुस्तक मिटलं.

लोहाराने हात मागे घेतला. दादा, माझा राजा, रिकामा हात पुढे करून तसाच उभा राहिला, आणि आता मात्र त्याचे डोळे खरे वाहत होते. पडदा कुणी पाडलाच नाही. पडदेवालाही ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर भट्टीवाले आणि उजेडातल्या आम्ही सगळ्या सरळ चौकशी अधिकाऱ्याच्या कचेरीत गेलो. व्हरांडा भरला, जिना भरला. शिपाई म्हणाला एकेकाने या, तर कुणी ऐकेना. तडा जुना होता, आम्ही पाहिला होता, आम्ही सांगितलं होतं, आणि विचारल्यावर गप्प बसलो होतो, हे एकेक जण स्वतःच्या तोंडाने सांगत होता. तुकडा नव्हताच. तो कुठल्या तरी भट्टीत कधीच वितळला असेल. पण एवढी माणसं कुठल्या भट्टीत वितळवणार? लोहाराच्या नावावरचा ठपका निघायला पुढे बराच काळ गेला, भरपाईला त्याहून जास्त. मालकांनी ते नाटक बंद केलं, खर्च परवडत नाही म्हणून. दादा पुन्हा कधी राजा झाला नाही. तरी सगळे त्याला महाराज म्हणत राहिले. तो मात्र आता हाक ऐकून मान हलवायचा नाही, जवळ येऊन विचारायचा, काय काम आहे?

त्या दिवशी कचेरीत सगळ्यांत शेवटी दादाची पाळी आली. अधिकारी कंटाळला होता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "तुम्ही फिटर. तो तुकडा म्हणजे एवढा मोठा पुरावा, हे तुम्हाला कळत होतं. मग दिलात कशाला?"

"मागितला म्हणून," दादा म्हणाला.

"अहो, कुणीही मागेल. तुम्ही लगेच द्याल?"

दादाने मागे वळून पाहिलं. दारात लोहार उभा होता, त्याच्या मागे जिन्यापर्यंत आम्ही सगळे.

"राजासारखा मागितला, साहेब."

अधिकारी लिहिता लिहिता थांबला, त्याला काही समजलं नाही. जिन्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत बाकी सगळ्यांना समजलं.